गुणाजी भोईरची साक्ष

गुणाजी भोईरला कुणी शिपाई म्हटलेलं खपत नसे. रोह्याच्या कॉलेजात तो एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठला ब्युरेट गळतो, कुठल्या बर्नरची ज्योत पिवळी जळते, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. नवे आलेले प्राध्यापक आधी त्याला हुकूम सोडायचे आणि आठवड्याभरात त्यालाच विचारू लागायचे. बाप वडखळजवळच्या खाडीत मिठागरावर राबलेला. गुणाजी बारावी सायन्सला बसला, गणितात गेला आणि शिक्षण तिथेच संपलं. पुढे कॉलेजात चिकटला तेव्हा बापाने विचारलं होतं, "काय काम असतं रं तुला?" गुणाजी म्हणाला, "रसायनं सांभाळायची." बाप हसला. "मीठ पन रसायनच हाय ना? म्हंजे आपलाच धंदा."

पेणला रामवाडीत दोन खोल्या घेऊन तो आणि बायको शांती राहत. सकाळच्या गाडीने रोहा, संध्याकाळच्या गाडीने परत. खाडीकाठच्या गावातलं घर भावाकडे होतं, पण गणपती तिथेच बसायचा आणि ते पाच दिवस गुणाजी गावी असायचा.

मुदस्सर त्याला आवडला तो एका साध्या गोष्टीमुळे. प्रॅक्टिकल संपलं की पोरं पळतात. हा मागे थांबायचा आणि स्वतःच्या परीक्षानळ्या धुऊन, उलट्या करून स्टँडला लावायचा. पहिल्या वर्षी एकदा आम्ल हातावर सांडलं, तर ओरडला नाही. नळाखाली हात धरून गुणाजीकडे बघत राहिला. गुणाजीने पंधरा मिनिटं तो हात तसाच धरून ठेवला आणि बाकीच्या वर्गाला दमात घेतलं, "बघा, असा धरायचा हात. आरडाओरडा करून आम्ल जात नाय."

मुदस्सरचे वडील इब्राहिमभाई यांची रोह्यात बेकरी. अर्ध्या गावाच्या चहात त्यांची खारी बुडायची. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, बोलणं आपल्यासारखंच. मुदस्सर मराठी असं लिहायचा की मराठीचे सर त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवत. दुसऱ्या वर्षापासून तो गणपतीला गुणाजीच्या गावी यायला लागला. रोह्याहून एसटीने वडखळला उतरायचा, तिथे ठमाबाईकडून शेंगा घ्यायचा आणि शेंगा खात खात बांधावरून चालत यायचा. ठमाबाई गुणाजीच्या शेजारची. वडखळच्या थांब्यावर टोपली घेऊन बसायची. उकडलेल्या शेंगा, काकड्या, पापड विकायची. "तुमच्याकरचा पाव्हना आयला," असं ती संध्याकाळी गुणाजीला सांगायची, "सुट्टं पैसं घेतलं नाय त्यानं, माज्याच टोपलीत टाकलं."

शांती त्याला पानावर बसवून मोदक वाढायची. तो सहा खायचा. सातवा शांती जबरदस्तीने टाकायची.

तिसऱ्या वर्षी त्याला पहिला वर्ग मिळाला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. बरोबरच्या आदेशला पत्र आलं. त्या आदेशला टायट्रेशनचा प्रयोग मुदस्सरनेच शिकवला होता. मुदस्सरला पत्र आलं नाही. चौकशीला गेला, तर गेटवरच्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं, नाव वाचलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कळवतील." पनवेलला दुसरी नोकरी लागली, पण तिथे भाड्याने खोली मिळेना. तीन ठिकाणी फोनवर खोली होती. नाव सांगितल्यावर खोली गेली.

तो लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला. "काका, मार्क कमी पडले असते तर अभ्यास केला असता. नाव कमी पडलं, त्याचा अभ्यास कसा करू?"

गुणाजी बाटल्या पुसत होता. "मनावर घेऊ नको," तो म्हणाला. "दुसरी कंपनी बघ."

एवढंच तो बोलला. आपण आणखी काय बोलायला हवं होतं, हे त्याला पुढेही कधी सुचलं नाही.

त्या वर्षी गणपतीला मुदस्सर आला तो ओटीवरच बसला. दाढी वाढली होती, त्याचं गुणाजीला काही वाटलं नाही. दाढी तर इब्राहिमभाईंचीही होती. शांतीने पान मांडलं. त्याने हात जोडल्यासारखे केले आणि खाली घेतले.

"काकी, आता नाय चालत."

"बरं, मोदक नको. भाकरी वाढू? माश्याचं करता येनार नाय आज, पन भाकरी-भाजी हाय."

"या घरातलं आज नको, काकी. पाणी पण नको."

शांती पान उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "आपल्या घरातलं पानी पन बाटलं का हो त्याला?"

"ज्याचा त्याचा धर्म," गुणाजी म्हणाला. "तू उपासाला कांदा खातेस काय? तसंच." बायकोवर तो उगाचच चिडला. कारण त्यालाही लागलं होतं, आणि ते कबूल करायचं नव्हतं.

दीड वर्षाहून जास्त काळ मुदस्सर दिसला नाही. मग मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना, तो अचानक लॅबच्या दारात उभा राहिला. गुणाजी सुट्टीतही आठवड्यातून दोनदा यायचा, सामानाची झाडपूस करायला.

"काका, एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देतोय. हात विसरलाय सगळा. दोन दिवस बसू का इथे?"

गुणाजीला इतका आनंद झाला की त्याने कसलीही परवानगी विचारली नाही. पोरगं परत पुस्तकाकडे आलं, त्याच्या लेखी एवढंच पुष्कळ होतं. त्याने स्वतः उपकरणं मांडून दिली. दुपारी दोघांनी गुणाजीच्या डब्यातलं खाल्लं. मुदस्सरने भाकरी मोडली, सुक्या जवळ्याची चटणी चाटून पुसून खाल्ली, आणि गुणाजीने मनात म्हटलं, बघ शांती, तुझं पोरगं परत आलं. दुसऱ्या दिवशी जेवल्यावर मुदस्सर म्हणाला, "काका, चहा हवा होता." कॅन्टीन बंद होतं. गुणाजी उन्हातून रस्त्यापर्यंत गेला, तिथे टपरीवर चहा बांधून घेतला आणि वीस मिनिटांनी परत आला. मुदस्सर ब्युरेट धूत उभा होता. जाताना तो वाकून गुणाजीच्या पाया पडला. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

जूनमध्ये मोजणी झाली तेव्हा आतल्या कोठीतल्या दोन बाटल्या कमी भरल्या. गुणाजीने तीनदा मोजलं. मुदस्सरचं नावसुद्धा त्याच्या मनात आलं नाही. आपलेच डोळे आता दगा देतात, आपणच मार्चच्या मोजणीत चुकीचं लिहिलं, असं त्याला वाटलं. तो विभागप्रमुख नूतन मॅडमकडे गेला. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. कॉलेजची तपासणी करणारी नॅकची समिती महिन्यावर आली होती आणि टेबलावर फायलींचा डोंगर होता.

"फुटल्या म्हणून लिहा ना, गुणाजी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता कुठे शोधत बसणार? मी सही करते."

त्याने लिहिलं, 'हाताळताना फुटल्या.' त्यांनी सही केली. एकतीस वर्षांत त्या रजिस्टरमध्ये त्याने लिहिलेली ती पहिली खोटी ओळ.

गणपतीला दोन दिवस होते. शनिवारची दुपार. मुंबईहून गाड्या भरभरून कोकणात उतरत होत्या आणि वडखळच्या थांब्यावर उभं राहायला जागा नव्हती. ठमाबाई एरवी शनिवारी पेणच्या बाजाराला जाऊन माल भरायची. पण एवढं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, म्हणून ती त्या दिवशी थांब्यावरच बसली. गुणाजी गावच्या घरात मखराला खिळे मारत होता. आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, हायवेला टँकर फुटला. मग माणसं बांधावरून पळत येताना दिसली.

थांब्यावरच्या स्फोटात चार जण गेले. डोंबिवलीचं एक जोडपं, एसटीचा एक वाहतूक नियंत्रक आणि ठमाबाई. तिचा मुलगा हिरामण हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता. त्याच्या शेजारी गुणाजी बसला, सबंध संध्याकाळ बसला. चितेला लाकडं रचली ती त्यानेच. गावाने त्या वर्षी मूर्ती आणल्या, पण कुठे टाळ वाजले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी मुंबईहून आलेले पोलीस रामवाडीत आले. तिघे होते, साध्या कपड्यात. त्यातल्या मोठ्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. वडखळच्या हॉटेलबाहेरच्या कॅमेऱ्यातला. टोपी घातलेला पोरगा, पाठीवर सॅक, मान थोडी डावीकडे कललेली. तशी मान कलवून तो ब्युरेटवरचा आकडा वाचायचा.

"ओळखता?"

"व्हय," गुणाजी म्हणाला. "आमचा मुदस्सर."

'आमचा' हा शब्द त्याच्या तोंडून गेला. पोलिसाने तो ऐकला आणि शांती रडायला लागली.

चार दिवस त्याला चौकशीला नेलं. मारहाण झाली नाही, पण तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा. मुदस्सर सापडला होता आणि त्याने स्वतःच बाटल्यांचं सांगितलं होतं. कुठून घेतल्या, कुणी दार उघडलं, तो माणूस किती वेळ बाहेर गेला. गुणाजीने सगळं खरं सांगितलं. रजिस्टरचंही सांगितलं. मग त्यांनी नूतन मॅडमना बोलावलं. त्या समोरच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "परिचर जे लिहून आणतो त्यावर आम्ही विश्वासाने सही करतो. मला त्यांनी असं काही विचारल्याचं आठवत नाही."

गुणाजीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. सासूच्या आजारपणात बाईंना घरी रांधायला वेळ नसे, तेव्हा हाच गुणाजी त्यांचा डबा स्टेशनवरून आणायचा. "आठवा की, मॅडम," तो म्हणाला. त्यांनी जबाबाखाली सही केली.

कॉलेजने निलंबनाचं पत्र पोस्टाने पाठवलं. प्राचार्य फोनवर आले नाहीत. गावी तर वेगळंच. पारावर कुणीतरी बोललं, "याच्याच घरी जेवायचा तो. यानंच आनला त्याला गावात." हिरामण त्या वेळी तिथे होता. तो उठून गेला. त्यानंतर गुणाजी दिसला की रस्ता बदलायचा.

ऑक्टोबरात इब्राहिमभाई रामवाडीत आले. बेकरीवर दगड पडले होते, भट्टी बंद होती. दारात चपला काढून ते बाहेरच उभे राहिले. गुणाजीने आत या म्हटलं नाही. शांती दोघांच्या मध्ये एक खुर्ची ठेवून गेली. ती तशीच रिकामी राहिली.

"माफी मागायला नाय आलो," इब्राहिमभाई म्हणाले. "माफी कुठल्या तोंडानं मागू? तुम्हाला सांगायला आलो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाय."

ते उभ्याउभ्याच बोलले. तीन वर्षांपूर्वी एक माणूस रोह्यात आला होता. आखातात राहिलेला, गोड बोलणारा, अरबी सुंदर वाचायचा. पोरांना दीन, म्हणजे धर्म, शिकवतो म्हणाला. इब्राहिमभाईंनीच त्याला बेकरीवरची खोली दिली, फुकट. पोरं नाक्यावर उभी राहायची ती संध्याकाळी वर बसायला लागली, बापांना बरं वाटलं. "मग तो एकेक काढायला लागला. पीराच्या उरुसाला जाणं पाप. तुम्ही कोकणी, अर्धे हिंदूच, घरात मराठी बोलता, लाज वाटत नाय? असं म्हणायचा. आमच्या पीराला तुमच्या आगरी लोकांचे नारळ पिढ्यान्‌पिढ्या येतात, गुणाजी. माझा बाप ते नारळ फोडायचा. माझ्या पोरानं मला सांगितलं, आजोबा जहन्नममध्ये गेले."

"मग हाकलला नाय त्याला?"

"हाकलला. जमातीनंच हाकलला, सहा महिन्यांत. पण फोन होता ना पोरांच्या हातात. माझ्या मेव्हण्याचं दुकान मुंबईच्या दंगलीत जळलं, तेव्हा मुदस्सर जन्मला पण नव्हता. त्याला ते काल झाल्यासारखं सांगितलं. कुठल्या कुठल्या देशातली मेलेली मुलं रोज दाखवली. आणि त्यात त्याची ती नोकरी, ती खोली. तो माणूस बरोबर अशीच पोरं निवडायचा, ज्यांना कुणी दारातून परत पाठवलंय. मी जमातीच्या मोठ्या लोकांकडे गेलो होतो. म्हटलं, पोरगं हातचं चाललंय, पोलिसांना सांगू. ते म्हणाले, थांब, गावाचं नाव जाईल. मी थांबलो."

गुणाजी चौकटीला हात लावून उभा होता. ऐकताना त्याला त्या माणसाची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला. "तुमच्या मोठ्या लोकांनी तुमाला थांबवलं," तो म्हणाला. "पन मला सांगायला काय झालं होतं? मी रोज तुमच्या दुकानावरनं जात होतो, इब्राहिमभाई. एवढंच बोलायचं होतं, गुणाजी, माझ्या पोराला दारात उभा करू नको."

इब्राहिमभाईंनी दारातल्या चपलांकडे बघितलं. "तुमच्याकडे जातो म्हणाला तेव्हा मला वाटलं, सुधारला," ते म्हणाले. मग चपला घालून निघून गेले.

खटला मुंबईला उभा राहायला दोन वर्षं गेली. गुणाजी सरकारी साक्षीदार. आदल्या आठवड्यात कॉलेजच्या वकिलाचा निरोप आला होता : रजिस्टरबद्दल विचारलं तर एवढंच सांगा की नजरचुकीने लिहिलं, मॅडमचा विषय काढू नका, निलंबनाचं आम्ही बघतो. शांतीने विचारलं, "काय करनार?" तो म्हणाला, "ठाऊक नाय."

साक्षीआधी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. पोलीस मुदस्सरला घेऊन आले. आतली सुनावणी लांबली म्हणून ते तिथेच थांबले. दोघांमध्ये सहा-सात पावलांचं अंतर. पोरगा वाळला होता, चष्मा लागला होता.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यावर यायला नको होतं हे."

पोलिसाने त्याला गप्प बसायला सांगितलं, पण ओढून नेलं नाही.

"ठमाबाईवर आलं," गुणाजी म्हणाला.

"ती तिथे नसते शनिवारी. शनिवारी ती पेणला जाते. मी त्याचा विचार केला होता."

गुणाजीला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. म्हणजे त्या सॅकसकट वडखळला उतरताना याला ती टोपली आठवत होती, ते सुट्टे पैसे आठवत होते. सगळं आठवून याने वार ठरवला होता.

"तिला ओळखत होतास म्हणून तिला वगळलंस," तो म्हणाला. "आणि मला ओळखत होतास म्हणून माझ्याकडे आलास. मग ती बाकीची माणसं कोन होती रं? त्यांना कोनीच ओळखत नव्हतं?"

मुदस्सरची मान डावीकडे कलली.

"त्या दिवशी पाया पडलास माझ्या. ते कशाला?"

मुदस्सरने चष्मा काढायला हात उचलला. हाताला बेडी होती, तो अर्ध्यातच राहिला. "ते खरं होतं, काका," तो म्हणाला. आणि त्याला आत नेलं.

खोटं होतं म्हणाला असता तर सोसलं असतं, असं गुणाजीने पुढे शांतीला सांगितलं. सगळंच नाटक होतं म्हणून मन मोकळं झालं असतं. पण जेवण खरं, पाया पडणं खरं, आणि बाटल्याही खऱ्या. मग माणसाने धरायचं काय?

पिंजऱ्यात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. दार मीच उघडलं. परवानगी घेतली नाही. चहाला मीच गेलो. बाटल्या कमी भरल्या तेव्हा मॅडमना सांगितलं, त्या फुटल्या लिहा म्हणाल्या, मी लिहिलं, ते खोटं होतं. बचावाच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिणारे आहात?" गुणाजी म्हणाला, "व्हय. एकदा."

मुदस्सरला जन्मठेप झाली. बेकरीवरच्या खोलीत राहिलेला तो गोड बोलणारा माणूस अजून सापडलेला नाही. नूतन मॅडमची बदली झाली, गुणाजीच्या वेतनवाढी थांबल्या, आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्याला परत घेतलं. प्रयोगशाळेत नाही, वाचनालयात. हिरामण अजून बोलत नाही. निकालाच्या दिवशी त्याने गावातल्या सगळ्यांना हात वर करून खूण केली, तेव्हा त्यात गुणाजीही उभा होता, एवढंच.

वाचनालयात त्याचं काम दाराशी बसायचं. पहिल्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, डोक्यावर ओढणी, खांद्यावर सॅक. म्हणाली, "काका, आत बसू का? लेक्चरला वेळ आहे." गुणाजीने सॅक उघडायला सांगितली. तिने उघडली. भूमितीची पेटी, दोन वह्या, कंगवा. तिच्या मागून दोन मुली आल्या, त्यांच्या सॅका त्याने बघितल्या नाहीत. ते त्या मुलीने बघितलं. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्याच सॅका उघडायला लावल्या. रांग लागली, पोरं कुरकुरली, ग्रंथपाल बाहेर आले. "हे काय, भोईर? असा काही नियम नाही आपल्याकडे."

"सर, बघायच्या तर सगळ्यांच्या बघतो."

"कुणाच्याच बघू नका. सोडा त्यांना आत."

गुणाजी बाजूला झाला. पोरं आत गेली, ती मुलगीही गेली. तो स्टुलावर बसला आणि दुपारपर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीकडे बघत राहिला.